दुसरी वाटी

डोंबिवली (पूर्व),
३० नोव्हेंबर २०२४

ती. बाबांना,
आसावरीचा शि. सा. न. वि. वि.

उद्या सुश्रुत तुमच्याकडे एक खोकं घेऊन येतोय. त्याला दारातूनच परत पाठवू नका. जावई आहे तो, कुरिअरवाला नाही. खोक्यात स्लो कुकर आहे, म्हणजे विजेवर अगदी मंद शिजवणारं भांडं. शिट्टी नाही, गॅस नाही, करपायची भीती नाही. आई गेल्यापासून दोन वर्षं तुम्ही नुसत्या चहावर साखरेच्या गोळ्या घेताय आणि परवा टेंभी नाक्यावर चक्कर येऊन फुलवाल्याच्या टोपलीत बसलात, हे मला सखुबाईंकडून कळलं. बाबा, कामाला येणाऱ्या बाईंनी मला फोन करून सांगावं? इतकी लाज वाटली मला!

कृती सोपी आहे. भांड्यात दोन बोटं पाणी घाला. त्यात स्टीलच्या दोन वाट्या ठेवा. प्रत्येक वाटीत चार चमचे ओट्स (ते चपटे नाही, तुटक दाण्यांचे, पाठवलेत), अंदाजाने पाणी, अर्धं सफरचंद चिरून, एक अंजीर, चिमूटभर दालचिनी. झोपायच्या आधी बटण दाबायचं. सकाळी आपोआप तयार होतं आणि तुम्ही उठेपर्यंत गरम राहतं. वरून थोडं दूध. एक वाटी त्या दिवशी खायची, दुसरी फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी.

डोंबिवलीला राहायला या म्हटलं की तुमचं एकच, मुलीच्या घरी कायमचं राहणार नाही. ठीक आहे. मग निदान सकाळचं गरम खा. एकट्या माणसाला काही झालं आणि कोणाला कळलंच नाही, याची मला हल्ली फार भीती वाटते. का वाटते ते विचारू नका.

फोनवर तुमच्या कानातलं मशीन शिट्ट्या मारतं, म्हणून हे सगळं लिहून पाठवतेय. लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांशेजारी बसून लिहिलंय, अक्षर गोड मानून घ्या. उर्वीचा नमस्कार. माया आहेच, ती रोज वाटीभर खाऊन वाढवावी.

तुमची,
आसावरी

———

नौपाडा, ठाणे,
८ डिसेंबर २०२४

चि. सौ. आसावरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खोकं पोचलं. जावईबापूंना चहा आणि चकली देऊनच सोडलं, तेव्हा ती तक्रार मिटली.

रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला तू 'अंदाजाने पाणी' असं लिहितेस? आम्ही अंदाजाने रंग केले असते तर निम्म्या ठाण्याच्या भिंती जांभळ्या दिसल्या असत्या. मी वजनाचा काटा काढला. ओट्स चाळीस ग्रॅम, पाणी एकशे साठ. दाणा शिजतो, लगदा होत नाही. सफरचंद सालासकट घ्यावं, नाहीतर विरघळून जातं. चिकू घालून पाहिला, तो फार गोड झाला. ही माझी निरीक्षणं. उर्वीला दाखव, तिच्या प्रॅक्टिकलच्या वहीपेक्षा बरी आहेत.

पहिल्या सकाळी साडेसहाला झाकण उघडलं आणि खरं सांगतो, बरं वाटलं. घरात कोणीतरी आपल्याआधी उठून आपल्यासाठी काही करून ठेवलंय, असा वास होता. हेमाबरोबर तो वास या घरातून गेला होता. मी खुर्चीत बसून बराच वेळ नुसता वास घेत राहिलो.

आता एक चमत्कारिक गोष्ट. शुक्रवारी एक वाटी खाल्ली, दुसरी कुकरमध्येच ठेवली आणि अंघोळीला गेलो. परत येऊन बघतो तर दुसरी वाटी रिकामी. धुतल्यासारखी लख्ख. आणि तळाशी काळं, सुरकुतलेलं काहीतरी. झुरळच वाटलं. चष्मा लावला तर आमसूल. आता आपण पडलो वाईकडचे. हेमा आमटीत चिंच घालायची. आपल्या घरात आमसूल कधी आलेलंच नाही. सखुबाई अकराला येते, तेव्हा ती नव्हे. मी स्वतः खाऊन विसरलो म्हणावं तर आमसूल कुठून पैदा केलं? आज पुन्हा तेच झालं. तू खोक्यात आमसुलं घातली होतीस काय? तसं असेल तर कळव, म्हणजे माझ्या डोक्याची काळजी मिटेल.

सुश्रुत आणि उर्वीला आशीर्वाद. प्रकृतीला जपून असा आणि म्हाताऱ्याला चार ओळी टाकत जा.

तुझा,
बाबा

———

डोंबिवली (पूर्व),
१२ डिसेंबर २०२४

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही नियमित खाताय हे वाचून इतका आनंद झाला! आमसुलाचं एवढं काही मनावर घेऊ नका. आमच्याकडे असतात आमसुलं, खोक्यात पडली असतील एक-दोन. वाटी तुम्हीच खाल्ली असणार. अंघोळीच्या आधी दुसरी पण खाल्ली, चांगलंच आहे की. पण एकदा डॉक्टरांकडे जाऊन या, विसरायला होतं असं त्यांना मोकळेपणाने सांगा. यात कमीपणा नाही.

इथे सगळं ठीक. लॅबमध्ये डेंग्यूच्या टेस्ट अजून संपत नाहीत. उर्वीची प्रिलिम जानेवारीत. सुश्रुतचा गुडघा परत दुखतोय, पण जिने तोच उतरतो आणि ओरडतो मात्र आमच्यावर.

बाबा, एक विचारायचं होतं. आमसूल प्रत्येक वेळी एकच असतं का? आणि वाटीच्या मधोमध ठेवलेलं असतं, की कुठेही? सहज विचारतेय. लगेच कळवा.

घाईत आहे, मनात काही ठेवू नका, मायेचा हात डोक्यावर राहू द्या.

तुमची,
आसावरी

———

नौपाडा, ठाणे,
१७ डिसेंबर २०२४

चि. सौ. आसावरीस,
अनेक आशीर्वाद.

एकच असतं. मधोमध असतं. आणि तू खोटं बोलतेस. लहानपणी बरणीतला गूळ खाल्लास की तू असंच आधी सगळ्यांची खुशाली सांगायचीस.

मी प्रयोग केला. परवा बटण दाबल्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापल्या, झाकण आणि भांडं यांच्या सांध्यावर चार बाजूंनी खळीने चिकटवल्या आणि प्रत्येकीवर सही केली. प्रयोगशाळेत नमुने असेच सील करत असू. काल सकाळी सह्या जागच्या जागी. पट्टीला चीर नाही. सील फोडलं. एक वाटी भरलेली, दुसरी लख्ख, मधोमध आमसूल. हातातली सुरी मी खाली ठेवली. काल रात्री पुन्हा तेच केलं, आज पुन्हा तेच झालं. आता सात आमसुलं बरणीत आहेत. सखुबाईलाही दाखवली. म्हणजे मला भास होत नाहीत, आणि डॉक्टरकडे मी जाणार नाही.

आणखी दोन गोष्टी. माझ्या समोरची खुर्ची रोज सकाळी वीतभर मागे सरकलेली असते. आधी वाटलं हेमा! अगं, कसा हरखलो मी. पण हेमाला आमसूल सोसत नसे. आणि हेमा बिचारी कायम घाईत, तिने घासलेल्या वाटीला कडेला काहीतरी चिकटलेलं असायचंच. ही दुसरी कोणी आहे. टापटिपीची आहे.

दुसरी गोष्ट, कुकरच्या बटणांशेजारी चिकटपट्टीवर बॉलपेनने 'हळू', 'गरम', 'बंद' असं लिहिलंय. अक्षर कापरं. तुझं नाही. जावईबापूंचं तर नाहीच, त्यांना धड 'ळ' काढता येत नाही. नव्या यंत्रावर हे कोणी लिहिलं? आसावरी, हे यंत्र कोणाचं आहे?

रागावलेलो नाही. खरं तेवढं लिही. मायेत कमी पडणार नाही, एवढा भरवसा ठेव.

तुझा,
बाबा

———

डोंबिवली (पूर्व),
२१ डिसेंबर २०२४

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र लॅबमध्ये वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. सगळं लिहिते.

कुकर गंगुबाईंचा आहे. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या आजी. वास्तुशांतीला तुम्ही त्यांना भेटलेलात, राजापूरकडच्या, हातात हिरव्या काचेच्या बांगड्यांबरोबर एक चांदीचं कडं. मुलगा श्रीपाद कॅनडात. त्यानेच त्यांना हा कुकर पाठवला, सकाळी उभं राहायला नको म्हणून. आजी त्यात ओट्स लावायच्या, सफरचंद-दालचिनी घालून, आणि एक वाटी नेहमी जास्तीची. दुसरी वाटी आमच्याकडे यायची. दार दोनदा बोटांनी वाजवायच्या आणि तिसऱ्यांदा कड्याने. ही कृती मी तुम्हाला लिहिली ना, ती त्यांचीच.

आम्ही त्यांच्याकडे काही पाठवलं की भांडं कधी रिकामं परत यायचं नाही. घरात काही नसलं तर एक आमसूल ठेवायच्या, मधोमध. रिकामं भांडं परत दिलं तर येणं-जाणं तुटतं म्हणायच्या.

सप्टेंबरमध्ये त्यांनी स्टीलच्या डब्यातून आमच्यासाठी ओट्स दिले. डब्यावर त्यांचं नाव कोरलेलं. तो मी घासून ठेवला. रिकामा कसा द्यायचा? बेसनाचे लाडू करून देऊ म्हटलं. बेसन आणलं, तूप आणलं, वेळ नाही मिळाला. तीन आठवडे डबा फडताळात तसाच.

मग एका बुधवारी सकाळी मी खांद्याला पर्स लावून निघणार, तेवढ्यात दार वाजलं. दोनदा बोटांनी, एकदा कड्याने. मी दाराच्या भिंगातून पाहिलं. आजी होत्या. एका हातात झाकलेली वाटी, दुसरा हात चौकटीवर टेकवलेला. उघडलं तर पंधरा मिनिटं जाणार, उशीर होणार, शिवाय डबा अजून दिलेला नाही. बाबा, मी श्वास रोखून दारामागे उभी राहिले. त्यांच्या चपला परत जाताना ऐकल्या. मग हळूच निघाले.

शुक्रवारी दार तोडलं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस झाले असावेत. कुकर 'गरम'वर चालूच होता. ते दोन दिवस पॅसेजमध्ये सफरचंद-दालचिनीचा वास येत होता आणि जाता-येता मी म्हणत होते, वा, आजींची मजा आहे!

श्रीपाद आला, सगळं आवरलं, फ्लॅट भाड्याने द्यायचा म्हणून किल्ली माझ्याकडे ठेवून गेला. कुकर नवाच आहे, वापरा म्हणाला. मला घरात ठेवायचं धाडस होईना, आणि टाकवेना. म्हणून तुमच्याकडे पाठवला. मूर्ख आहे मी. बाबा, ते मशीन आजच्या आज टाकून द्या. हात जोडते.

चुकलेल्या मुलीला पदरात घ्या, एवढंच मागते.

तुमची,
आसावरी

———

नौपाडा, ठाणे,
२६ डिसेंबर २०२४

चि. सौ. आसावरीस,
अनेक आशीर्वाद.

डबा रिकामा कसा द्यायचा म्हणून ठेवून घेतलास, यात पाप नाही. तुझ्या आईने शेजारच्यांची परात याच कारणाने अकरा महिने ठेवली होती, शेवटी त्यांनी नवी आणली. पण दार उघडलं नाहीस ते चुकलं. तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं लिहिणार नाही. त्या बाईंना त्या वेळी काय होत होतं ते आपल्याला आता कधीच कळायचं नाही. हे तुला घेऊनच राहावं लागेल, बाळ. मला तुझ्यासाठी वाईट वाटतं.

यंत्र मात्र टाकणार नाही. जेवायला बसलेल्या माणसाला पानावरून उठवत नाहीत, मग ते माणूस कसलं का असेना. भीती वाटते, नाही म्हणत नाही. सकाळी स्वयंपाकघरात पाऊल टाकण्याआधी मी खाकरतो. झाकणाखालून कधी कधी चमच्याचा आवाज आल्यासारखा वाटतो, मला ज्या कानांनी दाराची बेल ऐकू येत नाही त्या कानांनी. पण दोन वर्षांनी माझ्या समोरची खुर्ची कोणीतरी वापरतंय. मी पेपर मोठ्याने वाचतो हल्ली.

तू तो डबा घेऊन इकडे ये. भरून आण, तुझ्या हाताने केलेलं काही. तिचं भांडं तिला परत गेलं पाहिजे, माझा हिशेब साधा आहे. लवकर ये. सखुबाई पाच तारखेपासून आठवडाभर गावाला जाणार आहे, पुतण्याचं लग्न. तेव्हा तुझ्या हातचे दोन घास मिळाले तर हवेच आहेत. परवा पुन्हा जरा गरगरलं, ओटा धरून उभा राहिलो, मग बरं वाटलं. काळजीचं काही नाही.

आमच्या दोघांची वाट बघण्याची सवय फार ताणू नकोस, आणि खुशाल राहा.

तुझा,
बाबा

———

डोंबिवली (पूर्व),
२ जानेवारी २०२५

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी येणारच होते, पण लॅबचा कल्याणला कॅम्प लागलाय, दोन मुली रजेवर आहेत आणि उर्वीची प्रिलिम सोमवारपासून. बेसन भाजायलासुद्धा वेळ नाही. बारा तारखेचा रविवार नक्की, अगदी नक्की. तोवर रोज वेळेवर खा, आणि गरगरलं तर लगेच बसा, ओटा धरून उभं काय राहता? सखुबाई नसताना खालच्या परशुराम वॉचमनला सांगून ठेवा.

'आमच्या दोघांची' असं लिहू नका ना बाबा. अंगावर काटा येतो.

रागावू नका, आठ दिवसांचाच प्रश्न आहे. तोवर लोभाची वाटी झाकून ठेवा.

तुमची,
आसावरी

———

डोंबिवली (पूर्व),
१५ जानेवारी २०२५

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आज संध्याकाळी मीच तुमच्या हातात देईन. काल तुम्ही विचारलंत, गुरुवारी तू आलीस कशी? तुमचं कानातलं मशीन पडताना फुटलं, आणि हे वॉर्डात ओरडून सांगण्यासारखं नाही. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ आधीच कान टवकारून बसलेले असतात.

गुरुवारी, नऊ तारखेला, सकाळी सहा-वीसला मी निघत होते. पर्स खांद्याला, हात कडीवर. दार वाजलं. दोनदा बोटांनी, एकदा कड्याने.

मी तशीच उभी राहिले. सप्टेंबरमध्ये उभी होते तशी, त्याच लादीवर. भिंगातून पाहिलं तर काही दिसेना, नुसता काळोख, कोणी अगदी लागून उभं असावं तसा. आतून सुश्रुत ओरडला, कोण आहे गं? म्हणजे त्यालाही ऐकू आलेलं. पण या वेळी मी दार उघडलं.

कोणी नव्हतं. समोरच्या दाराला कुलूप. पॅसेजमध्ये सफरचंद आणि दालचिनीचा वास. तेवढ्यात मागे स्वयंपाकघरात खणकन काही पडलं. गंगुबाईंच्या डब्याचं झाकण. फडताळात डबा उघडा होता आणि त्यात आमसूल होतं, मधोमध. ओलं. मी हात लावला तर बोट लाल झालं.

मला काही सुचलं नाही, एवढंच सुचलं की आमसूल तुमच्याकडे असायला हवं होतं, इकडे नव्हे. सुश्रुतला म्हटलं गाडी बोलाव, अंगावरच्या कपड्यांनी निघालो. पावणेआठला माझ्याकडच्या किल्लीने तुमचं दार उघडलं. तुम्ही ओट्याखाली आडवे, पाय विचित्र वळलेला, ओठ निळसर. डॉक्टर म्हणाले साखर एकदम उतरली होती, मांडीचं हाड त्यानंतर मोडलं, आणखी दोन-तीन तास गेले असते तर हाडाची काळजीच करावी लागली नसती. सखुबाई रविवारपर्यंत येणार नव्हत्या. मीही रविवारपर्यंत येणार नव्हते, बाबा.

ॲम्ब्युलन्सची वाट बघताना मी कुकर उघडला. दोन्ही वाट्या भरलेल्या होत्या. त्या दिवशी कोणीच खाल्लं नव्हतं.

काल संक्रांत झाली. पहाटे उठून तिळाचे लाडू केले. डबा काठोकाठ भरला, समोरचं कुलूप उघडलं आणि आजींच्या ओट्यावर ठेवला. उशीर झाला आजी, एवढंच म्हणता आलं. मग तिथेच लादीवर बसून खूप रडले.

तुमची माया माझ्या लायकीपेक्षा जास्त आहे, ती तशीच जास्त राहू द्या.

तुमची,
आसावरी

———

नौपाडा, ठाणे,
४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. आसावरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घरी आल्याला आठवडा झाला. वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जातो, सखुबाई मागून अशी येते जणू मी काचेची बरणी आहे.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं होतं. त्या दिवशी सहा वाजून गेले असतील, मी पडलो. हाक मारली, पण माझी हाक मलाच ऐकू आली नाही. कुकरच्या 'गरम'चा दिवा तेवढा दिसत होता. मग समोरची खुर्ची मागे सरकली. रोज वीतभर सरकते, त्या दिवशी पार भिंतीला जाऊन टेकली. कोणी घाईने उठावं तशी. त्यानंतर स्वयंपाकघर इतकं रिकामं वाटलं की मी लहान मुलासारखा रडलो. मला वाटलं, हीसुद्धा गेली.

मी तिला काही सांगितलं नव्हतं, आसावरी. तुझं नावही कधी तिच्यापुढे घेतलं नव्हतं. पत्ता सांगायची तर गरजच नव्हती. ते दार तिच्या ओळखीचं होतं.

तेव्हापासून दुसरी वाटी भरलेलीच राहते. रोज लावतो, रोज फ्रिजमध्ये जाते. खुर्ची हलत नाही. तू डबा पोचवलास, ती आपल्या घरी गेली असणार. माझी हरकत असायचं कारण नाही, पण सकाळ फार लांब वाटते.

म्हणून एक ठरवलंय. मुलीच्या घरी राहणार नाही, हा शब्द मी मोडणार नाही. पण मुलीच्या घरासमोर राहायला कोणी बंदी घातलेली नाही. श्रीपादला विचार, त्याच्या फ्लॅटला शहात्तर वर्षांचा, लंगडा, ठार बहिरा भाडेकरू चालेल का? आधीच्या रहिवाशांना माझा त्रास होणार नाही, आमची ओळख आहे. सुश्रुत हसेल, हसू दे. तू मात्र भिऊ नकोस. तू दार उघडलंस ना? मग झालं.

काटा, वाट्या आणि यंत्र मी स्वतः मांडीवर घेऊन येईन. सर्वांना आशीर्वाद. आजवर टपालाने पाठवला तो जिव्हाळा आता हातोहात द्यावा म्हणतो.

तुझा,
बाबा

———

समोरचं दार,
२४ फेब्रुवारी २०२५, सकाळी सात

चि. आसावरीस,
आशीर्वाद.

झोप छान लागली. काल तू पाठवलेला शिरा संपवला, साखर कमी होती, बेदाणे मात्र बरोबर. ओट्स उत्तम झाले आहेत, एक वाटी मी खाल्ली. दुसरीचं तुला सांगायला नकोच.

तुझी शिऱ्याची वाटी या चिठ्ठीसकट तुझ्या दाराशी ठेवतोय. या घरची रीत म्हणून ती रिकामी ठेवली नाही, बरणीतून एक आमसूल काढून झोपण्यापूर्वीच तिच्यात घातलं होतं. आता उचलली तर आत दोन आहेत.

तुझा,
बाबा